मुख्याध्यापकपदाचे पहिले सत्र : शिक्षकांच्या कामाला बळ देणारे नेतृत्व कसे करावे

खाजगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापकपद बहुधा सेवाज्येष्ठतेने मिळते. महाराष्ट्रातील खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींची १९८१ ची नियमावली पात्र शिक्षकांतील ज्येष्ठतेला महत्त्व देते. त्यामुळे मार्चपर्यंत शिक्षक खोलीत बसून कार्यालयाच्या नावाने बोटे मोडणारी व्यक्ती जूनमध्ये त्याच कार्यालयातील खुर्चीवर बसलेली दिसते. शाळा चालवण्याचे प्रशिक्षण मिळाले तरी बहुतेकदा पदभार घेतल्यानंतर मिळते आणि तोवर पटनोंदणी, पाठ्यपुस्तकवाटप, पोषण आहार आणि संचमान्यता (पटानुसार शिक्षकपदांची मंजुरी) यांत पहिले सत्र निघून जाते. हा मार्गदर्शक लेख अशा नव्या मुख्याध्यापकांसाठी आहे. पाचवी ते दहावीचे वर्ग आणि वीस-पंचवीस शिक्षक असलेली मराठी माध्यमाची शाळा येथे डोळ्यांसमोर ठेवली आहे. जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत मुख्याध्यापक स्वतःच एक-दोन वर्ग सांभाळत असतात, तेथे यातील काही गोष्टी केंद्रप्रमुखांच्या आणि शेजारच्या शाळांच्या मदतीने कराव्या लागतील.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट असावी. मुख्याध्यापकांचा विद्यार्थ्यांच्या शिकण्यावर होणारा परिणाम मुख्यतः शिक्षकांमार्फत होतो. आपण कार्यालयात घेतलेला एखादा निर्णय सातवी ब च्या गणिताच्या तासाला कोणत्या स्वरूपात पोहोचतो, याचा विचार रोज करावा लागतो. तो तीन वाटांनी पोहोचतो : शिक्षकाला शिकवायला आणि तयारीला किती वेळ उरतो, त्याच्या शिकवण्याविषयी त्याच्याशी कोण आणि कसे बोलते, आणि शाळेत आपल्याशी न्यायाने वागले जाईल असा भरवसा त्याला आहे की नाही.

वेळापत्रक : नेतृत्वाची पहिली परीक्षा

नेतृत्वाची भाषणे ध्येयधोरणांनी सुरू होत असली तरी शिक्षकांना नव्या मुख्याध्यापकांची खरी ओळख वेळापत्रकातून होते. ते लागते त्या दिवशी प्रत्येक शिक्षक आधी स्वतःचे तास मोजतो आणि मग शेजाऱ्याचे. म्हणून हे काम केवळ पर्यवेक्षकांवर सोपवून सही करण्याचे नाही. प्रत्येकाचे एकूण तास, मधल्या सुट्टीनंतरचे तास, शेवटचे तास आणि सलग तास असा एक तक्ता स्वतः तयार करावा. कोणाच्या वाट्याला आठवडाभर शेवटचा तास आला आहे आणि कोणाचे सगळे मोकळे तास सोयीच्या वेळी पडले आहेत, हे त्या तक्त्यात लगेच दिसते.

बऱ्याच शाळांत एक जुनी रीत आढळते. सर्वांत अवघड तुकडी, सर्वांत मोठा पट आणि दुपारचे तास नव्या शिक्षणसेवकाकडे जातात, तर निवडक तुकड्या आणि दहावीचे वर्ग वर्षानुवर्षे त्याच दोघा-तिघांकडे राहतात. निकालाची काळजी समजण्यासारखी आहे, पण आठवी-नववीत कच्चे राहिलेले विद्यार्थीच पुढे दहावीत येतात. दहावीला शिकवणाऱ्या प्रत्येक अनुभवी शिक्षकाकडे खालच्या इयत्तेची एक तरी तुकडी द्यावी आणि नव्या शिक्षकाला किमान एक सोपी तुकडी मिळेल असे पाहावे. यावर नाराजी होईल. ती जूनमध्ये ओढवून घेणे परवडते, नोव्हेंबरमध्ये परवडत नाही.

त्याच तक्त्यात एका विषयाच्या शिक्षकांना आठवड्यातून एकदा एकाच वेळी मोकळा तास मिळेल अशी सोय करता येते. गणिताचे तीन शिक्षक एकाच तासाला मोकळे ठेवणे किचकट असते, पण सप्टेंबरमध्ये वेळापत्रक पुन्हा मोडून ते साधण्यापेक्षा जूनमध्ये जमवणे सोपे जाते. या तासाचा उपयोग पुढे सांगितला आहे.

गैरहजर शिक्षकाच्या जागी दिल्या जाणाऱ्या बदली तासांची वही सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. शाळेतील निम्मी कुरबूर या वहीवरून होते. आवाज न चढवणाऱ्या शिक्षकालाच बदली तास मिळत राहतात, हे मुख्याध्यापकांना बहुधा ठाऊक नसते आणि शिक्षक खोलीला मात्र पक्के ठाऊक असते. पाळी ठरवून द्यावी, आणि एकाच दिवशी एका शिक्षकाचे सर्व मोकळे तास घेऊ नयेत. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ घड्याळी तास धरले आहेत आणि त्यांत अध्यापनाची पूर्वतयारीही मोजली आहे. मोकळा तास हा कामाचाच भाग आहे, हे कायद्याच्या आधारे सांगता येते.

तासातील वेळ राखणे

याच कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. प्रत्यक्षात यूडायस प्लस आणि सरल या शाळा-विद्यार्थ्यांच्या माहितीच्या ऑनलाइन प्रणाली, आधार पडताळणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराच्या नोंदी आणि 'आजच दुपारी तीनपर्यंत माहिती पाठवावी' असे व्हॉट्सॲपवरचे संदेश यांची रांग संपत नाही. वरून येणारे काम मुख्याध्यापकांना नाकारता येत नाही, परंतु ते वर्गात कोणत्या रूपाने शिरते हे बऱ्याच अंशी त्यांच्याच हातात असते.

जुलै संपण्यापूर्वी लिपिकांच्या मदतीने प्रत्येक वर्गाची एकच सविस्तर यादी संगणकावर तयार करावी. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, प्रवर्ग, बँक खाते आणि पालकांचा दूरध्वनी क्रमांक एकदाच नीट भरला, तर वर्षभरात येणाऱ्या बऱ्याच मागण्या कार्यालयातच पुऱ्या होतात आणि वर्गशिक्षकाला तीच माहिती पुन्हा पुन्हा वर्गात उभे राहून विचारावी लागत नाही. ही यादी कार्यालयाबाहेर फिरू देऊ नये, एवढे भान ठेवावे.

तास सुरू असताना शिपायाकरवी सूचना वही फिरवणे पूर्ण बंद करावे. गणिताची एक पायरी फळ्यावर अर्धी असताना 'सर, सही' म्हणून वही आली की वर्गाचे लक्ष तुटते आणि ते परत आणण्यात आणखी दोन-तीन मिनिटे जातात. पस्तीस मिनिटांच्या तासात असे दोनदा झाले, तर पाचवा भाग तास गेला. सूचना परिपाठानंतर किंवा मधल्या सुट्टीतच द्यावी. शिक्षकाला तास सोडून कार्यालयात बोलावण्याचा मोहही आवरावा. वरिष्ठ अधिकारी दूरध्वनीवर ताटकळत असले तरी बहुतेक वेळा तास संपेपर्यंत थांबता येते.

पाठनिरीक्षण आणि त्यानंतरचे बोलणे

हा या लेखाचा मुख्य भाग आहे, कारण येथेच सर्वाधिक कष्ट वाया जातात.

अमेरिकेतील मायामी-डेड या शाळाजिल्ह्यात संशोधकांनी सुमारे १०० मुख्याध्यापकांच्या कामाचे दिवसभर निरीक्षण केले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार अध्यापनाशी संबंधित कामाला त्यांच्या वेळेपैकी सरासरी १२.७ टक्के वेळच मिळत होता, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा वर्गावर्गांतून मारलेल्या धावत्या फेऱ्यांचा होता. या फेऱ्यांवर जास्त वेळ घालवणाऱ्या शाळांत विद्यार्थ्यांची प्रगती चांगली आढळली नाही. संबंध उलट दिशेचा होता, विशेषतः फेरीचा उपयोग शिक्षकाच्या विकासासाठी होत नव्हता तेथे. शिक्षकाबरोबर बसून त्याच्या शिकवण्यावर काम करण्यात गेलेला वेळ मात्र प्रगतीशी जोडलेला दिसला. आपल्याकडील शाळा आणि मायामीतील शाळा यांत फरक पुष्कळ आहे. तरीही व्हरांड्यातून हात मागे बांधून फिरणारे मुख्याध्यापक आणि ते दिसताच एकदम शांत होणारा वर्ग हे दृश्य आपल्या ओळखीचे आहे, आणि त्या फेरीतून शिकवणे कसे सुधारते याचे उत्तर आपल्याकडेही कोणी दिलेले नाही. शिस्तीसाठी फेरी जरूर मारावी, पण तिला पाठनिरीक्षण समजू नये.

पाठनिरीक्षणाच्या नोंदवह्या, म्हणजे लॉगबुके, उघडून पाहावीत. 'अध्यापन समाधानकारक. फलकलेखन सुवाच्य. शैक्षणिक साधनांचा वापर करावा. विद्यार्थ्यांना प्रश्न विचारावेत.' हे शेरे कोणत्याही शिक्षकाच्या, कोणत्याही विषयाच्या पाठाखाली चालतील, म्हणून त्यांतून कोणीच काही शिकत नाही. वर्षाअखेरीस तपासणीला ती वही पूर्ण दिसते, एवढाच तिचा उपयोग उरतो.

त्याऐवजी पुढीलप्रमाणे करून पाहावे. पहिल्या सत्रात प्रत्येक शिक्षकाचा एक पाठ पूर्ण पाहायचा आहे असे ठरवावे. वीस-पंचवीस शिक्षकांसाठी आठवड्याला दोन पाठ पुरतात. कोणता पाठ पाहायचा हे शिक्षकालाच ठरवू द्यावे आणि आदल्या दिवशी विचारावे, 'या तासात मी नेमके काय पाहावे असे तुम्हाला वाटते?' अचानक जाऊन चूक पकडण्यात अधिकाराचे समाधान असेल, पण पकडले गेल्याची भावना असलेला शिक्षक पुढे अडचण सांगत नाही, ती लपवतो.

वर्गात शेवटच्या बाकावर बसावे, तास संपेपर्यंत उठू नये, दूरध्वनी कार्यालयात ठेवून यावा. पाहायचे ते शिक्षकापेक्षा विद्यार्थ्यांकडे अधिक. शेजारच्या मुलाची वही हळूच पाहावी, त्याने काय उतरवले आहे आणि काय सोडले आहे ते टिपावे. नोंदीत मत न लिहिता जे दिसले ते लिहावे. समजा, आठवीच्या विज्ञानाचा 'बल व दाब' हा पाठ चालू आहे. 'प्रश्नोत्तरे चांगली' असे लिहिण्यापेक्षा 'बाईंनी १४ प्रश्न विचारले, ११ उत्तरे पहिल्या दोन रांगांतून आली. खिडकीकडच्या रांगेतील चौघांनी सूत्र उतरवले पण क्षेत्रफळाचे एकक लिहिले नाही' अशी नोंद शिक्षिकेच्या हाती पडली, तर तिला उद्याच्या तासाला काय बदलायचे ते वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतरचे बोलणे त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी व्हावे, तेही शक्यतो कार्यालयाच्या टेबलाच्या दोन बाजूंना बसून नव्हे. प्रयोगशाळेत किंवा रिकाम्या वर्गात बसावे. आधी शिक्षकाला बोलू द्यावे : पाठ ठरवल्याप्रमाणे झाला का, कोठे अडला, कोणाला समजले नाही असे वाटते. मग आपली नोंद जशीच्या तशी वाचून दाखवावी आणि एकच गोष्ट ठरवावी. पाच सुधारणा सांगितल्या की एकही होत नाही. वरच्या उदाहरणात 'पुढील दोन आठवडे प्रत्येक प्रश्नानंतर हात वर न केलेल्या एकाला विचारायचे' एवढे पुरेसे आहे. ठरलेली गोष्ट लॉगबुकात दोघांच्या सहीने लिहावी आणि दोन-तीन आठवड्यांनी केवळ तेवढेच पाहण्यासाठी पुन्हा जावे. ही दुसरी भेट नेहमी राहून जाते. ती झाली नाही तर पहिलीला फारसा अर्थ उरत नाही.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडायला हवी. इतिहासाचे पदवीधर मुख्याध्यापक बीजगणिताच्या पाठाविषयी काय बोलणार? विषयाच्या आशयावर अधिकारवाणीने बोलू नये. त्यासाठी विषयातील ज्येष्ठ शिक्षकांना बरोबर न्यावे. मात्र कोण बोलले, कोण गप्प राहिले आणि वहीत काय उतरले हे पाहण्यासाठी विषयाची पदवी लागत नाही. आणि शक्य असेल तर पहिला पाठ मुख्याध्यापकांनी स्वतःचा दाखवावा. दोन शिक्षकांना आपल्या तासाला मागे बसवून 'काय दिसले ते लिहा' असे सांगितले, तर लॉगबुकाची भीती कमी होते.

शिक्षकाच्या वर्षभराच्या कामाचा गोपनीय अहवाल आणि हे निरीक्षण एकमेकांत मिसळू नयेत. मोकळेपणाने सांगितलेली अडचण मार्चमध्ये प्रतिकूल शेरा होऊन परत आली, तर शाळेत पुन्हा कोणी अडचण सांगणार नाही.

शिक्षक सभा आणि एकत्र शिकणे

न्यूझीलंडच्या शिक्षण-संशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शालेय नेतृत्वावरील पूर्वीचे अभ्यास एकत्र करून नेतृत्वाच्या पाच अंगांचा विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी असलेला संबंध मोजला. ध्येये ठरवणे आणि अध्यापनाचे नियोजन-मूल्यमापन करणे यांचा सरासरी परिणाम (आकडा जितका मोठा, तितका प्रगतीशी संबंध अधिक) ०.४२ आला, साधनसामग्री पुरवण्याचा ०.३१, आणि शिक्षकांच्या शिकण्याला चालना देऊन त्यात स्वतः सहभागी होण्याचा ०.८४. 'स्वतः सहभागी होणे' ही बाब महत्त्वाची आहे. प्रशिक्षणाचे उद्घाटन करून कार्यालयात परतणारे मुख्याध्यापक या आकड्यात बसत नाहीत.

त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. मासिक शिक्षक सभेतील सूचनांचा भाग लेखी द्यावा. परिपत्रक मोठ्याने वाचून दाखवण्यात चाळीस मिनिटे घालवण्याचे कारण नाही. उरलेल्या वेळात एकच शैक्षणिक प्रश्न घ्यावा, उदाहरणार्थ घटक चाचणीत सहावीची मुले शाब्दिक उदाहरणांत नेमकी कोठे अडली, आणि त्यासाठी पाच-सहा खऱ्या उत्तरपत्रिका टेबलावर ठेवाव्यात. गणितात अडलेले मूल अनेकदा वाचनात अडलेले असते, हे भाषेच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी एकत्र बसून पाहिले की चर्चेची दिशाच बदलते. आधी सांगितलेला विषयनिहाय सामाईक मोकळा तास याच कामासाठी आहे. तेथे मुख्याध्यापकांनी महिन्यातून एकदा बसावे, ऐकावे, इतिवृत्त मागू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांनाही दर वर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे.

कागदी सुधारणांविषयी सावध राहावे. मध्य प्रदेशात शाळांचे मूल्यमापन करून प्रत्येक शाळेचा सुधारणा आराखडा बनवण्याची योजना राबवली गेली. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग या अर्थतज्ज्ञांनी तिचा काटेकोर अभ्यास केला, तेव्हा मूल्यमापने आणि आराखडे नीट पूर्ण झालेले आढळले, पण अध्यापनात किंवा विद्यार्थ्यांच्या शिकण्यात फरक आढळला नाही. आपल्याकडील शाळासिद्धी या शाळा-मूल्यमापनाच्या आराखड्यातील ७ क्षेत्रांचे आणि ४६ मानकांचे स्वयंमूल्यमापन भरताना ही गोष्ट लक्षात ठेवावी. भरायचे ते भरावे, परंतु शिक्षकांसमोर त्यातील एकच मानक वर्षभरासाठी ठेवावे.

कार्यालयात अडकलेली फाइल

नेतृत्वावरील चर्चेत ही बाब क्वचितच येते, पण शिक्षकांना विचारले तर ती पहिल्या तिनांत येईल. वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव, वैद्यकीय देयक, भविष्य निर्वाह निधीची अग्रिम रक्कम, सेवापुस्तकातील नोंद, शालार्थ या वेतनप्रणालीतील दुरुस्ती यांपैकी एखादी गोष्ट महिनोन्‌महिने टेबलात पडून असेल, तर त्या शिक्षकाला ज्ञानरचनावादावर दिलेले व्याख्यान कानावरून जाते. पदभार घेतल्यावर पहिल्या महिन्यातच लिपिकांबरोबर बसून प्रलंबित प्रकरणांची यादी करावी आणि प्रत्येक शिक्षकाला आपले प्रकरण कोठे आहे हे तोंडी सांगावे. काम लगेच होणार नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. रजेचा अर्ज मंजूर करतानाही नियम एकच ठेवावा. एकाची किरकोळ रजा दूरध्वनीवर मंजूर आणि दुसऱ्याला खुलासा, असे महिनाभर चालले तरी शाळेत दोन गट पडतात.

तक्रार, दबाव आणि काम न करणारे शिक्षक

पालक तावातावाने कार्यालयात आले की शिक्षकाला लगेच बोलावून त्यांच्यासमोर जाब विचारणे टाळावे. पालकांचे पूर्ण ऐकून घ्यावे, उत्तर देण्यासाठी दिवस ठरवावा, मग शिक्षकाची बाजू एकट्याने ऐकावी आणि त्यानंतरच तिघांनी बसावे. शिक्षकाची चूक असेल तर ती झाकू नये. ती बंद दाराआड सांगावी आणि दुरुस्त करून घ्यावी. संस्थाचालकांकडून येणाऱ्या सूचनाही थेट शिक्षकांपर्यंत जाऊ न देता आपल्यामार्फत जाव्यात, असा आग्रह पहिल्याच शालेय समितीच्या बैठकीत नम्रपणे मांडून तो इतिवृत्तात घ्यावा.

दोन शिक्षक उशिरा येतात म्हणून 'सर्व शिक्षकांना सूचित करण्यात येते की' अशी सूचना काढणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत निरुपयोगी पद्धत आहे. वेळेवर येणारे अठरा जण दुखावतात आणि ज्यांच्यासाठी सूचना काढली ते निर्धास्त सही करतात. त्या दोघांशी वेगवेगळे बोलावे. कारण घरचे असेल, एसटीच्या वेळेचे असेल, तर पहिला तास न देण्यासारखा मार्ग काही काळ काढता येतो. तरीही सुधारणा नसेल तर लेखी समज द्यावी, त्यानंतर खुलासा मागवावा आणि वर्षाअखेरीस गोपनीय अहवालात ते वेळेत नोंदवावे. सुरुवातीला उल्लेखलेल्या १९८१ च्या नियमावलीतील नियम १५ नुसार अहवाल लिहून ठेवला नाही किंवा प्रतिकूल शेरा मुदतीत कळवला नाही, तर त्या काळातील काम समाधानकारक होते असेच धरले जाते. जुन्या सहकाऱ्याविषयी असे लिहिणे जड जाते. मात्र त्याचे काम वर्षानुवर्षे ओढणारे शिक्षकही जुने सहकारीच असतात.

दिवाळीपूर्वी स्वतःची तपासणी

पहिले सत्र संपताना सर्व शिक्षकांना कोरे कागद द्यावेत आणि नाव न लिहिता दोन प्रश्नांची उत्तरे मागावीत : मुख्याध्यापकांच्या कोणत्या कृतीमुळे शिकवणे सोपे झाले, आणि कोणती कृती थांबवावी. हस्ताक्षर ओळखू येते ही अडचण खरी आहे, म्हणून उत्तरे एखाद्या सर्वमान्य शिक्षकाने टंकलिखित करून द्यावीत. सुट्टीनंतरच्या पहिल्या सभेत ती न गाळता वाचून दाखवावीत आणि थांबवावयाच्या गोष्टींपैकी निदान एक तेथेच थांबवावी.

याच सुमारास लॉगबुक पुन्हा काढून पाहावे. किती पाठ पाहिले याची संख्या तपासणी अधिकारी मोजतीलच. आपण दुसऱ्या भेटीच्या नोंदी मोजाव्यात, आणि त्या जिथे नाहीत त्या शिक्षकांची नावे दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात घालावीत, कारण जानेवारीनंतर स्नेहसंमेलन, पूर्वपरीक्षा आणि दहावीच्या प्रात्यक्षिकांमध्ये असा शांत तास सापडणे कठीण होते.